पंडिता रमाबाई ‘स्वबळावर’ उभ्या राहिल्या नव्हत्या

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. ५ एप्रिल हा पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन. त्यानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. लेखात आस्था आहे, तपशील बहुतेक बरोबर आहेत, आणि रमाबाईंचा सोयीस्कर विसर पडलेल्या आपल्या समाजाला त्यांची आठवण करून दिल्याबद्दल लेखकाचे आभारच मानले पाहिजेत. मात्र ‘दुर्दम्य आत्मविश्वास’ आणि ‘केवळ स्वबळावर’ हे शब्द त्यात पुन्हा पुन्हा येतात. ज्या बाईने आपल्या आयुष्याची साक्ष स्वतःच लिहून ठेवली आहे, तिच्या पदरात नेमके हेच शब्द टाकणे मला, एक ख्रिस्ती वाचक म्हणून, खटकले.

स्वतःवर भिस्त ठेवायला रमाबाईंइतकी कारणे त्या काळी फारच थोड्यांकडे होती. १८७८ साली, वयाच्या विशीत, कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. पुढे वैधव्य आले, तान्ही मुलगी पदरात होती, तरी त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोही कोणाच्या दडपणाखाली नव्हे, तर स्वतः वाचून, वाद घालून, पटल्यावर. आणि तरीही १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या साक्षीत त्या कबूल करतात की, ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी आपल्या ध्यानात आले. आठ वर्षे त्यांनी धर्म बुद्धीने पेलला होता. तो बुद्धीने पेलण्याचा विषय नाही, आपल्यालाच कोणीतरी पेलायला हवे आहे, हे कळणे म्हणजे रमाबाईंच्या आयुष्यातला खरा सांधा आहे, आणि लेखात तोच वगळला गेला आहे. बायबलमध्ये, प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी हीच गोष्ट येते: आशियात आपल्यावर असह्य भार पडला, जगण्याचीही आशा उरली नाही, आणि हे घडले ते आपण स्वतःवर नव्हे तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवावा म्हणून, असे तो सांगतो. हे लिहिणारा पौल काही दुबळ्या मनाचा माणूस नव्हता.

आता यावर ठरलेला आक्षेप येतोच, आणि तो घ्यायला आपल्या भाषेत म्हणही तयार आहे: ‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी.’ देवावर हवाला ठेवणे म्हणजे हातपाय गाळणे, असे आपण धरून चालतो. रमाबाईंना हे कोणी शिकवायला नको होते. त्यांच्या आईवडिलांनी जवळचे होते-नव्हते ते तीर्थयात्रांत आणि दानधर्मात खर्ची घातले आणि ते दुष्काळात अन्नावाचून गेले. उपासमार म्हणजे काय, हे त्यांनी अंगावर सोसले होते. म्हणूनच त्यांचा पुढचा व्यवहार पाहण्यासारखा आहे. विधवांसाठी त्यांनी काढलेल्या शारदा सदनाला अमेरिकेतून मिळणाऱ्या मदतीची हमी दहा वर्षांची होती. ती मुदत १८९८ मध्ये संपायची होती, तेव्हा पुढे घर चालावे म्हणून रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेऊन फळझाडे लावली. हा शुद्ध दूरदर्शीपणा होता आणि त्यात अविश्वासाचे काही नव्हते. परंतु १८९६-९७ चा दुष्काळ आला, रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुली घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, इतक्या मुली तिथे ठेवता येईनात, म्हणून त्यांना केडगावच्या माळावर नेले. बागेच्या हिशेबात या मुली कुठेच बसत नव्हत्या. हिशेबावरच भिस्त असती तर त्या दारातून परत पाठवल्या गेल्या असत्या, आणि तसे करणाऱ्याला कोणी नावेही ठेवली नसती.

त्याआधी लोणावळ्याच्या एका ख्रिस्ती मेळाव्यात, आपल्याकडच्या ख्रिस्ताला ओळखू लागलेल्या पंधरा मुलींबद्दल रमाबाईंनी देवाचे आभार मानले होते आणि या संख्येचा वर्ग होऊ दे, अशी प्रार्थना केली होती. पंधराचा वर्ग दोनशे पंचवीस. (संस्कृत पंडितेची प्रार्थना इतकी गणिती असावी, याचे मला नेहमी कौतुक वाटते.) १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावच्या या आश्रमातली, म्हणजे ‘मुक्ती’तली, संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तेवढ्या पोटांसाठी तिथे विहिरी खणल्या गेल्या, हातमाग लागले, तेलघाणा फिरला, छापखाना चालला, अंध मुली ब्रेल वाचायला शिकल्या. खाटल्यावर तिथे कोणीच बसलेले नव्हते. आणि या सगळ्या पसाऱ्याबद्दल रमाबाईंनी काय लिहिले, तर आमचे बँकेत खाते नाही, कायम ठेव नाही, रोजच्या गरजेपलीकडे पैसुद्धा शिल्लक नाही, आमची भाकर थेट स्वर्गीय पित्याच्या हातून येते.

हा मजकूर मी प्रथम वाचला तेव्हा अस्वस्थ झालो, कारण आमच्या चर्चच्या लहानशा मंडळीचा मी अकरा वर्षे खजिनदार होतो आणि कायम ठेव हा माझा अभिमानाचा विषय होता. २०२० च्या टाळेबंदीत चर्चचे दार बंद झाले आणि रविवारचे अर्पण जवळपास थांबले. मी रात्री बसून तक्ता केला; पाळकांचा पगार, वीजबिल, राखणदाराचे मानधन असे सगळे मांडले. शिल्लक जुलैअखेर शून्यावर येत होती. पंचांची सभा फोनवर व्हायची. तीन आठवडे मी तोच तक्ता प्रत्येक वेळी नव्या आकड्यांनिशी वाचून दाखवला आणि शेवटी पाळकसाहेबांनी घड्याळाकडे पाहत दोन वाक्यांची प्रार्थना केली. चौथ्या सभेत आमच्यातल्या सर्वांत वयस्कर आजी म्हणाल्या, “खजिनदार, हे सगळं तुम्ही आम्हाला वाचून दाखवलंत. आता एकदा त्याला वाचून दाखवा.” मला राग आला. तरी मी तो तक्ता प्रार्थनेत ओळीने वाचला, वीजबिलासकट. वाचताना माझा आवाज का बदलला, हे मला आजही नीटसे सांगता येत नाही. इतके मात्र कळले की तीन आठवडे मी आकड्यांपुढेच बसलो होतो आणि त्यालाच जबाबदारी म्हणत होतो.

पुढे आकाशातून काही पडले नाही. ऑगस्टचा पगार वीस दिवस उशिरा झाला, सप्टेंबरचा अर्धाच देता आला, आणि पाळकसाहेबांनी तो हसून घेतला. भाजीचा गाडा लावणाऱ्या आमच्या एका सभासदाने तेवढे महिने त्यांच्या घरी भाजी पोहोचवली आणि त्याची नोंद माझ्या वहीत कुठेच नाही. मी तक्ते करणे सोडले नाही. ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर, ज्यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते, ते अनाथाश्रमासाठी कोणा माणसाकडे पैसे मागत नसत, पण हिशेब पैपैचा ठेवून दरवर्षी छापत असत. सैतानाने येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला सांगितले, देवदूत झेलतील म्हणून. येशूने उडी टाकली नाही आणि देवाची परीक्षा पाहू नये, असे उत्तर दिले. औषध टाकून नुसत्या प्रार्थनेवर बसा, असे सांगणाऱ्या आमच्याच काही बांधवांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा. देवाला वेठीस धरणे हासुद्धा स्वतःवरच्या भरवशाचाच एक प्रकार आहे. फक्त तिथे आपल्या कर्तबगारीऐवजी आपल्या श्रद्धेच्या जोरावर आपण मिजास करतो. परुशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी) आणि जकातदार यांचा दाखला येशूने ज्यांना सांगितला, ते शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकच्या म्हणण्याप्रमाणे, आपण नीतिमान आहोत असा स्वतःविषयी भरवसा धरणारे लोक होते. तो परुशी मंदिरातच उभा होता आणि प्रार्थनाच करत होता.

लेखकाचा हेतू मी समजू शकतो. आजच्या मुलींना आत्मविश्वास हवा आहे, आणि परीक्षेला किंवा मुलाखतीला जाणाऱ्या माझ्या नातीला मीही धीट राहा असेच सांगतो. धीटपणाला कोणाची ना नाही. पण रमाबाईंचा धीटपणा कुठून येत होता, हे त्यांनी सांगितलेले असताना ते गाळून उरलेल्या रमाबाई वाचकांसमोर ठेवणे न्यायाचे नाही. ज्यांना त्यांचा देव पटत नाही, त्यांनी तसे मोकळेपणाने लिहावे, ते अधिक प्रामाणिक होईल. माझी विनंती एवढीच की, पुढच्या ५ एप्रिलला त्यांच्या साक्षीतला तो बँकखात्याचा परिच्छेद मराठीत करून चौकटीत छापावा. आठ-दहा ओळींपेक्षा जास्त जागा लागणार नाही.

आपला,
मंडळीचा एक माजी खजिनदार,
अहिल्यानगर