मिस्त्रीमामा, तुम्ही मशिनी बंद केल्यात म्हणून

ती. स्व. मिस्त्रीमामांना,
शि. सा. न. वि. वि.

मामा, त्या दिवशी तुमच्या लेथच्या शेडमध्ये दादाच्या आवाजाची कॅसेट ऐकून निघताना मला धड बोलता आलं नाही. पैसे पुढं केले तर तुम्ही हात मागं घेतलात. पेढे दिले ते तिथल्या तिथं पोरांत वाटून टाकलेत. घरी आल्यावरही रडू थांबेना. आईनं विचारलं, तर तिलाही नीट सांगता येईना. म्हणून लिहायला बसले. चार माणसांनी वाचावं म्हणून उघड लिहिते. तुमचं नाव घालत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगावं लागेल. माझा दादा आपल्या कोल्हापुरातल्या एका खासगी एफएमवर रात्रीचा कार्यक्रम करायचा. स्टेशनचं नाव मुद्दाम लिहीत नाही, हे पत्र कुणाची जाहिरात किंवा तक्रार वाटायला नको. २०२१ च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला. फोटो घरात भरपूर आहेत. पण ज्या माणसानं आयुष्यभर आवाजावर पोट भरलं, त्याचा आवाज आमच्याकडं नव्हता. मोबाइलवरचे दोन-तीन निरोप तेवढे होते, 'भाजी आणू का', 'उशीर होईल' असले.

आज मुलांना सांगून खरं वाटणार नाही, पण खासगी रेडिओ आपल्या गावात येईल असं एके काळी कुणाच्या डोक्यातही नव्हतं. आम्ही आकाशवाणीवर वाढलो. आधी सांगली, मग आपलं कोल्हापूर केंद्र. दादा ऑर्केस्ट्रात निवेदन करायचा, आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक म्हणून जावं एवढीच त्याची उडी. खासगी एफएमचा पहिला टप्पा मोठ्या शहरांपुरताच राहिला. परवान्याची ठरलेली फी दरवर्षी पंधरा टक्क्यांनी वाढायची, तिच्याखाली केंद्रवाले मोडले. शेवटी बारा शहरांत मिळून २१ केंद्रं सुरू झाली, तेवढीच. मग २००५ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं धोरण बदललं आणि दुसरा टप्पा आला. एकदाच भरायची रक्कम आणि पुढं उत्पन्नातला चार टक्के वाटा, असा हिशेब आला. ३३८ वाहिन्या, ९१ शहरं. त्या ९१ मध्ये आपण होतो. ९४.३ वर दैनिक 'पुढारी'चं टोमॅटो एफएम आलं, ९८.३ वर रेडिओ मिरची आली. रिक्षात, पानाच्या टपरीवर, गुऱ्हाळावर गाणी चालू झाली. आणि तीही मध्येमध्ये कोल्हापुरीत बोलणारी पोरं घेऊन! आपल्यासारखं बोललं तरी रेडिओवर चालतं, हे गावाला पहिल्यांदा कळलं. दादाला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

बातम्या द्यायची परवानगी त्यांना नव्हती. गाणी, गप्पा, जाहिराती. पुढं तिसऱ्या टप्प्यात आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवायला मुभा मिळाली. वाहतूक, हवामान, पाणीपुरवठा, पूर असली माहिती देणं बातमीत धरायचं नाही, असंही ठरलं. ते बरंच झालं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची खूण ओलांडली आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद, गावात दूध नाही, पेट्रोल नाही. तेव्हा दादा स्टुडिओतच मुक्कामाला होता. कुठला रस्ता बंद, कुठल्या शाळेत लोकांची सोय केलीय, हे वाचत बसायचा. घरी आला तेव्हा घसा पार बसला होता.

आणि एवढं सगळं बोललेलं गेलं कुठं? हवेत. रोजचं प्रसारण ठरावीक मुदतीपुरतं जपून ठेवायचं, पुढं त्याच जागेवर नवं भरायचं, अशीच रीत असते. त्यात स्टेशनचा दोष मी धरत नाही. दोष धरते तो एका ध्वनिमुद्रण स्टुडिओचा. दादानं वर्षानुवर्षं तिथं जाहिरातींना आवाज दिला. कधी पैसे उशिरा मिळाले, कधी मिळालेच नाहीत, तरी हा जायचा, कारण 'ओळखीतली माणसं आहेत.' तो गेल्यावर मी तिथं गेले. आधी म्हणाले, बघतो. मग म्हणाले, मेल करा. मेल केला तर उत्तर नाही. पुन्हा गेले तेव्हा टेबलामागच्या माणसानं मोबाइलवरून मान वर न करता विचारलं, "कोण होते म्हणे ते?" मामा, डिस्क खराब झाली, पुसली गेली, हे मी समजून घेतलं असतं. पण 'कोण होते' हे नाही सहन झालं. त्याच भिंतीमागं माझा भाऊ रात्र रात्र उभा राहून बोलला होता.

तुमच्यापर्यंत मी कशी पोचले ते सांगत बसत नाही. ओळखीतून ओळख निघाली आणि उद्यमनगरात एक लेथवाले मिस्त्री आहेत, ते रेडिओ टेप करून ठेवायचे, एवढं कळलं. मला वाटलं होतं गाण्यांच्या कॅसेट असतील. लोक गाणी भरून घ्यायचे आणि मधलं बोलणं कापायचे, सगळीकडं तसंच असायचं. तुम्ही बोलणंही ठेवलं होतंत. कॅसेटवर पेन्सिलीनं तारीख, कार्यक्रम, आणि कोण बोलतंय त्याचं नाव. पुन्हा चुकून कुणी त्यावर भरू नये म्हणून कडेचे प्लास्टिकचे तुकडेही मोडून ठेवलेले. शुक्रवार पेठेतल्या घरात पुराचं पाणी शिरलं तेव्हा आधी ही पेटी माळ्यावर टाकली, असं तुमच्या मुलानं सांगितलं. तुम्ही मात्र "गप रे" म्हणून त्याला उडवून लावलंत.

मी कॅसेट मागितली तर तुम्ही म्हणालात, "न्या की. पण आधी हितंच ऐक पोरी. माझ्या टेपवर भरलीया, माझ्याच टेपवर नीट वाजंल. दुसरीकडं हेड जुळलं न्हाई तर आवाज घुमा येतो." तुम्ही तो जुना टू-इन-वन, रेडिओ आणि टेप एकत्र असलेला, पुसून टेबलावर ठेवलात. शेडमध्ये दोन्ही लेथ चालू होत्या, शेजारी ग्राइंडर. त्या आवाजात आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नव्हतं. मी म्हणणार होते की चालेल, मी कान लावून ऐकते. तेवढ्यात तुम्ही उठून एकेक मशीन बंद केलंत. पोरांना म्हणालात, "जावा, च्या पिऊन या. सावकाश या." दारात एक गिऱ्हाईक आपला जॉब, म्हणजे लेथवर करायला दिलेला भाग, घ्यायला उभं होतं, त्याला म्हणालात, "तासाभरानं या." तो कुरकुरला. त्याची गाडी अडली होती, त्याचंही चूक नव्हतं. तुम्ही पुन्हा तेच सांगितलंत, "तासाभरानं या." मग बटण दाबलंत आणि स्वतः बाहेर जाऊन रस्त्याकडं तोंड करून स्टुलावर बसलात.

मामा, मला या सगळ्यात हेच सगळ्यात मोठं वाटतं. कॅसेट जपलीत हे तुमचं गाण्याचं वेड, त्याला माझा नमस्कार आहेच. पण भर कामाच्या वेळी, ऑर्डर अंगावर असताना, अनोळखी बाईसाठी धंदा थांबवायचा, आणि ती रडताना बघायला आपण तिथं नसायचं, हे सुचतं कुणाला? मला एक प्रश्न विचारला नाहीत. समजूत घातली नाहीत. 'देवाची इच्छा' म्हणाला नाहीत. गेल्या काही वर्षांत हे इतक्या जणांकडून ऐकलंय की कान किटले.

आता त्या कॅसेटवर काय होतं तेही लिहिते, कारण तुमच्यासारखे ज्यांनी त्या रात्री रेडिओ लावला होता, त्यांना आठवेल. तारीख ३ मे २०११. त्या दिवशी आपल्या कोल्हापुरात जगदीश खेबुडकर गेले. मास्तरकी करता करता मराठी सिनेमाला गाणी देणारा माणूस. खासगी एफएमवर बहुतेक हिंदी गाणी असायची, कुठलं गाणं कधी लागणार ते कॉम्प्युटरवर आधीच बसवलेलं असायचं. त्या रात्री दादानं वरिष्ठांना विचारून सगळी यादी बाजूला ठेवली. कॅसेटमध्ये तो म्हणतो, "आज मी कमी बोलणार आहे. आज बोलायचं ते त्यांनीच लिहून ठेवलंय." मग गाणं. मग पुन्हा तो. मध्ये कागद उलटल्याचा आवाज येतो. एका ठिकाणी तो खोकतो आणि "माफ करा हं" म्हणतो. ते 'हं' ऐकलं आणि मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. घरात रोज ऐकलेलं 'हं' आहे ते, आईशी बोलताना असायचं ते.

आईला परवा ऐकवलं. ती काही बोलली नाही, फक्त पुन्हा लाव म्हणाली. दादा गेला तेव्हा त्याचा मुलगा खूप लहान होता. त्यानं विचारलं, "बाबा एवढं छान बोलायचे?" व्हय बाळा, एवढं छान बोलायचे. सगळं गाव ऐकायचं.

लोक म्हणतात जग बिघडलंय. मला स्टुडिओतला तो माणूस भेटला तेव्हा मीही तसंच म्हणत होते. पण आपल्या गावात अशी माणसं आहेत मामा, जी नात्यागोत्यातली नसतात, कसलं देणं लागत नाहीत आणि तरी दुसऱ्याची वस्तू आपल्या पेटीत नीट ठेवतात. रंकाळ्यावर भेळ खाताना शेजारी बसलेला माणूस तसा असेल, एसटीत जागा देणारा असेल. त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. त्यांनाही ते नको असतं. मी मात्र लिहिणार.

आता कामाचं. तुमच्या पेटीतल्या बाकीच्या कॅसेटही कॉम्प्युटरवर घ्यायच्या असं माझ्या भाच्याच्या मनात आहे. त्यात दादाशिवाय बाकीच्या आरजेंचेही आवाज आहेत, त्यांच्याही घरी कुणीतरी शोधत असेल. तुमचाच टेप वापरायचा, पेटी तुमच्या घरातून हलवायची नाही, हे त्याला बजावून सांगितलंय. सोमवारी उद्यमनगर बंद असतं, तेव्हा तो येईल. चालणार असेल तर मुलाकडून निरोप द्या. आणि काकूंना सांगा, आईनं त्यांना जेवायला बोलावलंय. तांबडा-पांढरा तीच करणार आहे, मला हात लावू देणार नाही म्हणते.

आपली,
रात्रीच्या कार्यक्रमातल्या त्या दादाची धाकटी बहीण