मागता न आलेला वन्स मोअर

दांडिया बाजार, बडोदे
रंगपंचमी, १९ मार्च २०२५

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या इंदुरात आज राजवाड्यासमोरून गेर, म्हणजे रंग उडविणारी मिरवणूक, निघाली असेल आणि तू दारेखिडक्या लावून घरात बसला असशील, या खात्रीने हे लांबलचक पत्र लिहावयास घेतले आहे. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मी मुंबईस जाऊन ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ हे म्युझिकल पाहिले. तिकिटे मुलीने काढली होती आणि त्यांची किंमत तिने मला अद्याप सांगितलेली नाही, यावरून तूच काय तो अंदाज कर.

आपण दोघे सूरसागरच्या काठी पेटी शिकलो, ‘सौभद्रा’ची पदे तोंडपाठ केली, आणि ज्यांच्या सुभद्रेने महाराष्ट्राला वेड लावले ते भाऊराव कोल्हटकर मूळचे बडोद्याचे, एवढ्या एका मुद्द्यावर पुणेकरांशी तासन्‌तास भांडलो. त्यामुळे म्युझिकल म्हणजे इंग्रजीतले संगीत नाटक, अशी माझी सोपी समजूत होती. ती पहिल्या पाच मिनिटांतच गेली. नांदी नाही, सूत्रधार नाही. पडदा उघडतो तो जुन्या नाट्यगृहातील सामानाच्या लिलावावर. एकेक वस्तू पुकारली जाते, शेवटी झाकून ठेवलेल्या प्रचंड झुंबरावरचे कापड दूर होते, आणि त्याच क्षणी ऑर्गन असा काही गर्जतो की मी खुर्चीचा हात घट्ट धरला. आपण जन्मभर पायपेटीला ऑर्गन म्हणत आलो, याची मला त्या वेळी थोडी लाजच वाटली. झुंबर उजळत वर चढते, काळ मागे सरतो आणि पॅरिसचे ऑपेरागृह पुन्हा नवे होते.

कथा गास्ताँ लरू याच्या १९१० सालच्या कादंबरीवरून घेतली आहे. ऑपेरागृहाच्या तळघरात दडलेला, मुखवटा घातलेला विलक्षण संगीतकार, त्याने गळा घडविलेली क्रिस्टीन ही तरुण गायिका आणि तिचा प्रियकर राऊल, एवढे सांगितले तरी पुरे. तळघरातील तळे, त्यावरची नाव आणि कोसळणारे झुंबर यांचे वर्णन तुला कोणीही ऐकवील. मला स्वतःला ते झुंबर जरा सावकाश पडल्यासारखे वाटले.

मी चकित झालो तो निराळ्याच जागी. कार्लोटा ही मुख्य गायिका रुसून बसते आणि दोघे व्यवस्थापक तिची मनधरणी करू लागतात. आपल्या नाटक मंडळ्यांतील रुसवेफुगवे आणि फाटाफूट आठवून मी हसत होतो, तोच ध्यानात आले की रंगमंचावर सात माणसे एकाच वेळी सात निरनिराळ्या ओळी गात आहेत. कोणी विनवतो आहे, कोणी चिडला आहे, कोणी इशारा देतो आहे, आणि तरीही सारे मिळून एकच गाणे होते. आपल्या पदात गाणारा एकटा असतो आणि बाकीचे शालू सावरत उभे राहतात. ही एकाच वेळची सात मने आपल्याला कधी सुचली नाहीत, हे मान्य करताना मला मुळीच वाईट वाटले नाही.

दुसरा फरक मात्र मला सलत राहिला. आपल्याकडे साथीदार गायकाच्या मागे जातो. गंधर्व मंडळीत अहमदजान थिरकवाँसारखा तबलजीसुद्धा गाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहूनच वाजवीत असणार. येथे गायकच वाद्यवृंदाच्या संचालकाच्या हाताने बांधलेला. एकही तान वाढवायची सोय नाही, कारण तान वाढली तर दिवा चुकेल आणि नाव भलतीकडे जाईल. अँड्र्यू लॉइड वेबरचे हे नाटक १९८६ साली लंडनमध्ये रंगभूमीवर आले. न्यूयॉर्कला १९८८ पासून २०२३ पर्यंत त्याचे १३,९८१ प्रयोग झाले. इतक्या प्रयोगांत एकाही गायकाला आज लहर आली म्हणून थांबता आले नसेल, हा विचार मला बेचैन करीत होता.

क्रिस्टीन आणि राऊल छपरावर प्रेमाचे गीत गातात, त्या वेळी माझ्या तोंडून ‘वन्स मो...’ एवढे निघालेच. मुलीने गुडघा दाबला. मी ओशाळून गप्प बसलो, आणि थोड्याच वेळात तीच चाल परत आली. या वेळी ती लपून सारे ऐकणाऱ्या त्या मुखवट्याच्या तोंडी होती. शब्द निराळे, आवाज फाटलेला. उत्तरार्धात तो पुन्हा तीच चाल घेतो, क्रिस्टीनला विनवताना. आपल्या जुन्या नाटकांच्या पुस्तकांत पदावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच गाण्याचे नाव छापलेले असते, आणि ते पद संपले की चालीचे काम संपते. येथे चालच पात्रासारखी फिरते, एका तोंडून दुसऱ्या तोंडी जाते आणि प्रत्येक वेळी अधिक दुखावते. मी मागू शकलो नाही तो वन्स मोअर संगीतकाराने आधीच लिहून ठेवला होता, आणि तोही अशा माणसाच्या गळ्यात की ऐकताना टाळी वाजवावीशी वाटू नये. शेजारचे गृहस्थ डोळे पुसत होते. मीही चष्मा पुसला. तो तसा स्वच्छच होता.

घरी आल्यापासून ऑर्गनचा तो पहिला उतार पेटीवर काढीत बसलो आहे. काळी दोनचा सा सोड आणि पांढरी दोनचा धर. मग शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध असे एकेक पट्टी खाली ये, आणि त्याच वाटेने वर जा. गुरुजींनी असे स्वर लागोपाठ ऐकले असते तर आपल्या बोटांवर पट्टी मारली असती. काल रात्री अकरा वाजता मी तो चौथ्यांदा वाजविला, तेव्हा आईने आतून विचारले, की भात्याला भोक पडले आहे का. मे महिन्यात येशील तेव्हा तबला घेऊन ये. या उताराला कोणता ठेका चालतो, ते मला एकट्याला काही उमगत नाही.

वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

तुझा,
पेटीवाला