पेशींना वेळेवर मरू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सध्या पेशींचा मृत्यू थांबवून तारुण्य टिकवणाऱ्या गोळ्यांची जाहिरात येते आहे. गोळ्यांत नेमकं काय आहे याचा पत्ता नाही, किंमत मात्र ठळक. पैशांचं ज्याचं त्याने बघावं. माझा आक्षेप त्यामागच्या समजुतीला आहे, कारण आता ती पुरवणीतल्या आरोग्यविषयक लेखांतही शिरली आहे. पेशी मेली म्हणजे शरीराचं नुकसानच झालं, असं हे लेख गृहीत धरतात.

गर्भात आपला हात आधी वल्ह्यासारखा चपटा असतो. मधल्या पेशी ठरल्या वेळी मरतात म्हणून बोटं सुटी होतात. पावसाळ्यात टेकडीवरच्या डबक्यात बेडकाची पिल्लं पाहावीत. त्यांची शेपूट गळून पडत नाही. थायरॉइडच्या संप्रेरकाचा इशारा मिळाला की तिच्यातल्या पेशी मरतात आणि ती अंगातच जिरते. आणि मुळशी-मावळातला भात पाण्यात उभा राहूनही गुदमरत नाही, तो मुळांतल्या काही पेशींनी मरून हवेला पोकळ वाट करून दिली म्हणून.

प्राण्यांमधल्या या मृत्यूची एक रीत आहे. केर, वायली आणि करी यांनी 1972 मध्ये तिला ॲपॉप्टोसिस हे नाव दिलं. डीएनए दुरुस्तीपलीकडे बिघडला की बऱ्याचदा पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर पडतं, कॅस्पेज नावाची विकरं जागी होतात आणि पेशीतली प्रथिनं कापू लागतात. पेशी आक्रसते, तिचे आवरणासकट तुकडे होतात आणि शेजारच्या किंवा भक्षक पेशी ते गिळून टाकतात. आजूबाजूला सूज नाही, दाह नाही. सी. एलेगन्स या मिलिमीटरभर कृमीत तर हिशोब इतका पक्का की वाढीच्या काळात तयार होणाऱ्या 1090 पेशींपैकी 131 मरतात, आणि प्रत्येक कृमीत त्याच मरतात! मरणाचा हुकूम जनुकांतच असतो, हे या कृमीवरच्या कामातून कळलं. ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना 2002 चं नोबेल मिळालं ते याच संशोधनाबद्दल.

हृदयविकाराच्या झटक्यात किंवा भाजल्यावर मात्र बऱ्याच पेशी फुटून मरतात. आतला ऐवज बाहेर सांडतो, दाह होतो. हा नेक्रोसिस. पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या ज्या पेशी जायला नकोत त्याच जातात, आणि त्यांची जागा भरून निघत नाही. असे मृत्यू रोखता आले तर कोणाला नको आहे? पण ‘पेशींचा मृत्यू’ असं सरसकट लिहिलं की या दोन्हींची खिचडी होते.

मरायला हवी ती पेशी मेली नाही तर काय होतं, हे कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारावं. बिघडलेल्या पेशीला मरायला लावणारं पी53 हे जनुक माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत नादुरुस्त झालेलं आढळतं. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावर 2016 पासून वापरात असलेलं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध बीसीएल-2 या प्रथिनाला अडवतं. हे प्रथिन पेशीला मरू देत नाही. ते अडलं की कर्कपेशी मरतात. म्हणजे जाहिरातवाले जे थांबवू म्हणतात, तेच घडवून आणायला इथे डॉक्टर औषध देतात.

पुण्यात हा विषय जाणणाऱ्यांची वाण नाही. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र विद्यापीठाच्या आवारातच आहे, पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आहे. आरोग्यविषयक मजकूर छापण्याआधी तो तिथल्या कोणा अभ्यासकाच्या नजरेखालून घालावा, आणि अशा गोळ्यांची जाहिरात घेताना जाहिरातदाराकडे निदान पुरावा मागावा. तो नाही मिळाला तर ती जागा पुन्हा शब्दकोड्याला द्यावी. हल्ली ते फारच बारीक छापता.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका
कोथरूड, पुणे