पाणंदी सायकलींसाठी जोडा

रविवारी पहाटे पन्हाळ्याकडे सायकल काढावी, तर हंगामात उसाच्या ट्रॉल्या अंगावर येतात. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चढाला लागला की मागे धूर खात थांबायचं. याउलट प्रयाग चिखलीच्या संगमाकडे उसातून जाणाऱ्या पाणंदीत, म्हणजे शेतातल्या कच्च्या वाटेवर, भेटतात म्हसरं, वैरणीचे भारे, फार तर एखादी बैलगाडी. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारीकाठच्या अशा पाणंदी आणि नदीवरचे कोल्हापुरी बंधारे (पाणी अडवणारे, वरून पलीकडे जाता येणारे बुटके बांध) जोडून दिशादर्शक पाट्या लावल्या, तर निवांत सायकल भटकंतीचा मार्ग जवळपास तयारच आहे. पावसाळ्यात बंधारे पाण्याखाली जातात, तेवढे महिने सोडायचे. डांबर मात्र नको, मुरूम पुरे. डांबर पडलं की ट्रॉल्या आल्याच!

– एक सायकलस्वार, कोल्हापूर