शाळेच्या सहली दरवर्षी वॉटर पार्कलाच का?

संपादक साहेब, नमस्कार.
दिवाळीनंतर पोराच्या शाळेची सहल उदयपूरला गेली, पालक म्हणून मी पण सोबत होतो, तिथून झावरला नेलं, जस्ताच्या खाणी, २००० वर्षांहून जुन्या! गावातल्या भिंतीच वापरलेल्या मातीच्या मुशींच्या, म्हणजे धातू काढायच्या भांड्यांच्या, रचलेल्या, अन् मूस कशी तर थेट आपल्या भरताच्या वांग्यासारखी, देठाच्या जागी नळी. जस्ताची ९०७ डिग्रीला वाफ होते, म्हणून मूस भट्टीत उलटी ठेवून वाफ नळीतून खाली थंड भांड्यात उतरवायचे. काय डोकं असेल त्या लोकांचं! पोरगं भिंतीला हात लावून उभंच, गाडीचा हॉर्न वाजला तरी हलेना. बाकीच्या शाळावाल्यांनी पण वॉटर पार्क सोडून एकदा तरी असं काही दाखवावं, अन् उदयपूर लांब पडत असेल तर आपल्या चाळीसगावजवळ पितळखोऱ्याची लेणी आहेतच की.
– एक पालक, जळगाव