डाव्या पॅरामिअरच्या आतल्या कडेचा दात

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपला भुंगेरा आता नवीन प्रजाती म्हणून रीतसर जाहीर झाला. शोधनिबंध छापून आला, होलोटाइपच्या, म्हणजे ज्या एका नमुन्यावर प्रजातीचं नाव उभं असतं त्याच्या, टाचणीला लाल लेबल लागलं आणि तो संग्रहालयाच्या पेटीत गेला. निबंधाच्या शेवटी आभारात तुमचं नाव आहे, पण तिथे ‘रेखाचित्रांसाठी’ एवढाच एक शब्द मावला. तेवढ्यावर माझं समाधान होईना. तुमच्या चित्रांनी या कामात नेमकं काय केलं ते चार लोकांना कळावं, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहितो आहे.

भुंगेऱ्यांच्या आजवर सुमारे ४ लाख प्रजातींना नावं मिळाली आहेत. प्राण्यांची शास्त्रीय नावं अधिकृतपणे १७५८ पासून, म्हणजे स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसच्या ‘सिस्टेमा नॅच्युरे’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून धरली जातात. त्यामुळे हातातला किडा नवा आहे असं म्हणायचं, तर त्याच्या जवळच्या नात्यातल्या, तेव्हापासून नाव मिळालेल्या प्रत्येकाशी तो ताडून पाहावा लागतो. आणि आपला भुंगेरा नेमका सेरिसिनी गटातला. हुमणीचा भाऊबंद. रात्री बाहेर पडणारा, पानं खाणारा, तांबूस तपकिरी, अंगावर मखमली झाक असलेला. या गटातले कितीतरी भुंगेरे एकाशेजारी एक ठेवले तरी बाहेरून फरक सापडत नाही. जुन्या वर्णनांत रंग, लांबी, पंखांवरचे ठिपके असंच बहुतेक दिलेलं असतं, आणि तेवढ्याने काहीच ठरत नाही.

बाहेरचं वर्णन मी माझ्या परीने सविस्तर लिहिलं होतं. दहा खंडांची शृंगिका (डोक्यावरची मिशी), तिच्या टोकाच्या तीन खंडांची झालेली पाती, पुढच्या कठीण पंखांवरच्या बारीक खाचांच्या रेघा, मागच्या पायाच्या नळीवरचे काटे. पण निर्णय होतो तो नराच्या जननेंद्रियावर. सुकलेला नमुना गरम पाण्यात भिजवून मऊ करायचा, पोटाच्या टोकातून तो अवयव अलगद बाहेर काढायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून स्नायू विरघळवायचे, मग ग्लिसरीनच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. मागे उरतो तो फक्त कठीण भाग: एक नळीसारखा तळ आणि त्याच्या टोकाला दोन पॅरामिअर, म्हणजे डावीउजवीकडची दोन कठीण टोकं. सेरिसिनींत बहुधा डावा आणि उजवा पॅरामिअर एकमेकांशी जुळत नाहीत. एक आखूड, एक लांब, एक सरळ, एक वळलेला. प्रजातीची ओळख त्या वळणांत असते.

इथेच तुम्ही आलात. माझ्याकडे फोटो होते, चांगले होते, वेगवेगळ्या खोलीवर काढून एकत्र जोडलेले. तरी फोटोत सगळंच दिसतं: पातळ पडद्याची सुरकुती, उजेडाची चमक, चिकटलेला कण. त्यातलं शरीर कोणतं आणि कचरा कोणता हे फोटो सांगत नाही. चित्र काढणाऱ्याला मात्र प्रत्येक रेघेला ते ठरवावंच लागतं. तुम्ही कठीण कड अखंड रेघेने आणि पडदा ठिपक्यांनी दाखवला, आणि तो अवयव कसा बनला आहे ते मला पहिल्यांदा नीट उमगलं.

तुमचा पहिला आग्रह होता कोनाचा. पॅरामिअर जरासा कलला तरी बाह्यरेषा बदलते, म्हणून डावी बाजू, उजवी बाजू आणि वरून, अशी तीन चित्रं, आणि जवळच्या प्रजातीचीही तिन्ही अगदी त्याच कोनात. मापपट्टीशिवाय तुम्ही एकही चित्र पुढे जाऊ दिलं नाही. या दोन गोष्टी नसत्या, तर ती तुलना टिकली नसती.

आणि मग तो प्रश्न. कच्चं रेखाटन पाठवताना तुम्ही पेन्सिलीने बाण काढून विचारलं होतं: “डाव्या पॅरामिअरच्या आतल्या कडेला हा बोथट दात दिसतो. प्रत्येक नरात आहे, की याच एकाचं काहीतरी मोडलंय?” तो दात अगदी तळाशी होता आणि वरून पाहताना उजव्या पॅरामिअरखाली झाकला जात होता. मी उपलब्ध असलेला एकूण एक नर उघडून पाहिला. दात सगळ्यांत होता, त्याच जागी, तसाच बोथट. जवळच्या प्रजातीत ती कड सरळ आहे. आज निबंधात निदानाचं, म्हणजे ही प्रजाती इतरांहून वेगळी कशी ओळखायची ते सांगणाऱ्या भागाचं, पहिलं वाक्य त्या दाताचं आहे. उद्या कोणी आपल्या संग्रहातला भुंगेरा ओळखायला बसेल, तो आधी तुमचं चित्र उघडेल आणि मग माझा मजकूर वाचेल. मला तेच योग्य वाटतं.

नराच्या या अवयवात इतकं वैविध्य का, हे कोडं जुनं आहे. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लेऑं द्यूफूर यांनी १८४४ साली कुलूपकिल्लीची कल्पना मांडली: एका प्रजातीची किल्ली दुसरीच्या कुलपाला लागू नये. १९८५ साली जीवशास्त्रज्ञ विल्यम एबरहार्ड यांनी वेगळी बाजू मांडली, की मिलन सुरू झाल्यावरही मादी आतून निवड करत असते आणि त्या निवडीमुळे हे आकार झपाट्याने बदलत जातात. मला स्वतःला दुसरं स्पष्टीकरण जास्त पटतं. पण भुंगेऱ्यांच्या वर्गीकरणात हा अवयव किती कामाचा आहे, हे कीटकशास्त्रज्ञ डेव्हिड शार्प आणि फ्रेडरिक म्यूर यांच्या १९१२ च्या तुलनात्मक अभ्यासापासून मान्य झालेलं आहे.

ताई, तुम्ही कीटकशास्त्र शिकलेल्या नाहीत असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. तरी त्या भुंगेऱ्याकडे तुमच्याइतकं निरखून आमच्यापैकी कोणीही पाहिलं नव्हतं. तुमचा वेळ, तुमचे डोळे आणि शाई वाळल्यावरही ‘एक रेघ शंकास्पद आहे’ म्हणून अख्खं पान पुन्हा काढण्याची तुमची तयारी, या सगळ्यासाठी मी तुमचा मनापासून ऋणी आहे.

मूळ चित्रं मी ज्या संग्रहालयात होलोटाइप ठेवला आहे तिथेच जमा करायची म्हणतो, नमुना आणि चित्र एका जागी राहावं म्हणून. तुमची संमती हवी आहे. आणि अजून एक: मादीचं वर्णन बाकी आहे. तिची शुक्रकोशिका, म्हणजे नराचे शुक्राणू साठवणारी पिशवी, मऊ, नाजूक असते आणि फोटोत धड येत नाही. घाई अजिबात नाही. सवड झाली की कळवा, नमुने मी स्वतः घेऊन येतो.

आपला,
भुंगेऱ्यांचा एक अभ्यासक