ती कुंडी नव्हे, गिर्यारोहकाचा बूट आहे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत गेल्या आठवड्यात, चवथीपूर्वीच्या साफसफाईत निघालेल्या वस्तूंचे काय करावे याविषयी जो मजकूर आला आहे, त्यासोबत एक छायाचित्र छापलेले आहे. बाल्कांवच्या कठड्यावर एक जाडजूड कातडी बूट ठेवलेला असून त्यात माती भरून मनी प्लांट लावलेला आहे आणि खाली 'जुन्या शिकारी बुटाची झाली सुंदर कुंडी' अशी ओळ आहे. तो बूट शिकाऱ्याचा नाही, गिर्यारोहकाचा आहे, एवढी दुरुस्ती करावी म्हणून हे पत्र लिहावयास घेतले. परंतु त्या बुटाच्या जातीशी माझा चाळीसहून अधिक वर्षांचा संबंध असल्यामुळे दुरुस्ती थोडी लांबली आहे, त्याबद्दल क्षमस्व.

छायाचित्रावरून इतक्या ठामपणे कसे सांगता, असे कोणी विचारील. कातडे जिथे सोलला मिळते तिथे पाहावे. साध्या बुटात कातड्याची कड आत वळवून तळाखाली दडवलेली असते. या बुटात ती बाहेर वळवलेली आहे आणि तिच्यावरून मेण लावलेल्या जाड दोऱ्याच्या दोन समांतर शिवणी उघड्या दिसत आहेत. बूट बांधणारे कारागीर या पद्धतीला 'नॉर्वेजियन वेल्ट' म्हणतात. वरून ओघळणारे पाणी आणि वितळलेले बर्फ सांध्यात न शिरता बाहेर जावे, यासाठी ती केलेली असते. बुटाचा वरचा भाग जवळजवळ एकाच अखंड कातड्याचा आहे, कारण शिवण जितकी कमी तितक्या पाणी शिरण्याच्या वाटा कमी. नाडी खाली कड्यांतून आणि वर आकड्यांतून जाते. छायाचित्रात दिसत नाही ते म्हणजे आतली ताठ पट्टी. ती तळव्याच्या लांबीने बसवलेली असते, म्हणून असा बूट दोन्ही हातांनी वाकवू गेले तरी सहसा वाकत नाही. बर्फावर क्रॅम्पॉन, म्हणजे लोखंडी दातांचा सांगाडा, बुटाखाली बांधून त्याच्या पुढच्या दोन दातांवर उभे राहायचे असते, तेव्हा बुटाने वाकून चालत नाही. शिकाऱ्याला असा बूट काय कामाचा? रानात पहिल्याच दहा पावलांत सावज उठून जाईल.

तळाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. पूर्वीच्या गिर्यारोहकांच्या कातडी बुटांना खालून लोखंडी खिळे ठोकलेले असत. खडकावर चढताना हे बूट अडचणीचे होत, म्हणून ते पायथ्याशी ठेवून पातळ तळाचे हलके जोडे घालण्याची प्रथा होती. इटलीत १९३५ साली पुंता रासिका या शिखरावर वादळात सापडून सहा गिर्यारोहक मरण पावले आणि त्यांच्या मृत्यूला अपुरी पादत्राणेही कारण झाली. मरण पावलेल्यांचे सोबती, मिलानचे विताले ब्रामानी, यांनी त्यानंतर खडक आणि बर्फ या दोहोंवर चालेल असा खोल खाचांचा रबरी तळ तयार केला आणि १९३७ साली त्याचे पेटंट घेतले. टायर बनवणाऱ्या पिरेली कंपनीचे त्यांना साहाय्य होते. नाव आणि आडनाव यांची आद्याक्षरे जोडून झालेला 'व्हिब्राम' हा शब्द आजही पिवळ्या अष्टकोनात बुटांच्या तळाशी दिसतो. १९५४ साली इटालियन मोहिमेने के-२ शिखर प्रथम सर केले, तेव्हा गिर्यारोहकांच्या बुटांना हाच तळ होता.

माझी जोडी मात्र कोठल्याही मोठ्या मोहिमेतून आलेली नाही. ती हणजुणेच्या बुधवारच्या बाजारातून आली. तो बाजार तेव्हा आजच्यासारखा दुकानदारांचा झालेला नव्हता. परदेशी प्रवासी मुक्काम लांबवण्यासाठी किंवा परतीच्या भाड्यासाठी आपले किडूकमिडूक चादरीवर मांडून विकत असत. १९८१ सालच्या हिवाळ्यात, कॅमेरे, गिटारी आणि स्लीपिंग बॅगा यांच्यामध्ये मला हे तपकिरी बूट दिसले. विकणारा हिमालयातून उतरून आलेला होता आणि समुद्रकिनाऱ्यावर त्याला त्यांचा काही उपयोग नव्हता. एकशेवीस रुपयांना सौदा झाला. मापाने ते एक नंबर मोठे निघाले. ते माझे भाग्यच ठरले, कारण आत दोन जोड लोकरी मोजे घालावे लागतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

असा बूट विकत घेतला म्हणजे आपला झाला असे होत नाही. तो पायावर मुरवावा लागतो. मी एप्रिल-मेच्या उकाड्यात लोकरी मोजे आणि ते बूट चढवून आमच्या साखळी गावातल्या चिऱ्यांच्या पायऱ्या रोज सकाळी चढत-उतरत असे. आईने पहिल्याच दिवशी, 'हे घालून पोफळीवर चढणार आहेस काय रे?' असे विचारले होते. पहिले तीन आठवडे टाचांना फोड, मग फोडांवर पट्ट्या, मग पट्ट्यांवर फोड, असा क्रम चालला. ओल्या कातड्यात चालून ते पायावरच वाळू द्यावे, हा सल्ला मला एका जुन्या फुटबॉलपटूंनी दिला. गोव्यात खिळ्यांच्या कातडी बुटांचा फुटबॉल ज्यांनी खेळला, त्यांना डबिन, म्हणजे कातडे मऊ राखणारे मेण-तेलाचे मलम, काय असते आणि ते कातड्यात बोटांनी कसे चोळावे, हे कोणाकडून शिकावे लागत नव्हते. आमच्याकडे डोंगराची विद्या नव्हती. पण कातड्याची विद्या मैदानावर होती, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

पुढच्याच वर्षी मी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत प्राथमिक अभ्यासक्रमाला गेलो. तेखलाच्या खडकांवरील सरावात या बुटांनी मला रडवले. जिथे बोटांनी खडक चाचपायचा तिथे मी जणू पायाला पाट बांधून उभा होतो. पण भुक्की गावापासून चढत डोक्रियानी बामक हिमनदीवर पोहोचलो आणि त्याच ताठपणाचा अर्थ उलगडला. कडक बर्फावर बुटाची कड मारली की ती धरते आणि पाय हलत नाही. आमचे उस्ताद बुटाच्या नुसत्या आवाजावरून सांगत की पायरी नीट बसली की नाही.

तिथे मी दोन चुका केल्या. पहिल्या रात्री बूट तंबूच्या दाराशी काढून ठेवले. सकाळी ते लाकडासारखे झाले होते आणि पाय आत जाईपर्यंत बाकीचे प्रशिक्षणार्थी निघून गेले होते. उस्ताद रागावले नाहीत. त्यांनी हिलरींची गोष्ट सांगितली. २८ मे १९५३ च्या रात्री, एव्हरेस्टवर सुमारे ८,५०० मीटर उंचीवरील शेवटच्या छावणीत, हिलरींनी बूट काढून ठेवले होते. पहाटे ते गोठलेले मिळाले आणि स्टोव्हवर धरून मऊ करण्यात सुमारे दोन तास गेले. तेनझिंग यांनी आपले बूट काढलेच नव्हते; ते आदल्या वर्षीच्या स्विस मोहिमेतले, रेनडिअरच्या कातड्याचे होते. त्या रात्रीपासून माझे बूट पिशवीत घालून स्लीपिंग बॅगेत माझ्याबरोबर झोपू लागले. दुसरी चूक अधिक महागात पडली. परतताना भिजलेले बूट मी एका चहावाल्याच्या चुलीपाशी वाळत ठेवले. तासाभरात उजव्या बुटाचे चवड्यावरचे कातडे आक्रसले आणि तिथे भेग पडली. ती अजून आहे, आणि जोडी कोणी पाहायला मागितली की मी प्रथम तीच दाखवतो.

हे सर्व वाचून मी जुन्याचा अंधभक्त आहे, असा समज होऊ नये. माझ्या जोडीचे वजन अडीच किलो आहे आणि पायातला एक किलो पाठीवरच्या पाच किलोंच्या बरोबरीचा, हा गिर्यारोहकांचा हिशेब मी गुडघ्यांनी भरला आहे. कातडे घाम आणि बर्फाचे पाणी पिते आणि तेच पाणी उंचावर पायाभोवती गोठते. ३ जून १९५० रोजी अन्नपूर्णा शिखरावर पोहोचलेल्या मॉरिस हेर्झॉग आणि लुई लाशेनाल या दोघांनाही हिमदंशामुळे पायाची बोटे गमवावी लागली. प्लास्टिकचे दुहेरी बूट आले तेव्हा त्यांचे स्वागत झाले, ते योग्यच होते. मडगावच्या एक ज्येष्ठ गिर्यारोहक बाई सांगतात की त्यांच्या काळी बायकांच्या मापाचा बूट मिळतच नसे; पुरुषांचा बूट घ्यायचा आणि पुढे लोकर कोंबायची. त्यांना त्या बुटांविषयी काडीचाही जिव्हाळा नाही, आणि त्यांचे म्हणणे मला खोडता आलेले नाही. आपल्या सह्याद्रीत तर हे बूट निरुपयोगीच. पावसात चोर्ल्याच्या बाजूला किंवा सोसोगडावर शेवाळलेल्या कातळावरून ते सरळ घसरतात. तिथे आम्ही सर्व जण कापडी हंटर शूज घालत होतो आणि आमच्या पुढे अनवाणी चालणारा गुराखी आमच्याहून वेगाने जात होता.

तरीही कुंडी करू नये, असे मला वाटते. गेल्या शतकातील हिमालयातल्या माणसांचे जे थोडे अवशेष सापडले, त्यांत बुटांनी मोठी साक्ष दिली आहे. १९२४ साली एव्हरेस्टवर नाहीसे झालेल्या मॅलरींचा देह १९९९ साली सापडला, तेव्हा पायात खिळ्यांचा बूट होता. त्यांचे सोबती अर्विन यांचा माग शंभर वर्षे लागला नव्हता. २०२४ साली रोंगबुक हिमनदीवर एक बूट सापडला आणि आतल्या मोज्यावर शिवलेल्या नावाच्या पट्टीने तो कोणाचा हे सांगितले. आमचे बूट इतके मोठे नाहीत. पण गोव्यातून हिमालयात गेलेल्या पहिल्या पिढीतील मुलामुलींचे कातडी बूट घराघरांतल्या माळ्यांवर असतील, आणि ते वापरणारे आज साठी-सत्तरीत आहेत.

ज्यांच्याकडे अशी जोडी असेल त्यांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये. आपल्याकडे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पिशवीतल्या कातड्यावर श्रावण येण्याआधीच बुरशी येते. ती घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडावी, पाणी मिसळलेल्या व्हिनेगरच्या फडक्याने पुसावे, सावलीत वाळवावे आणि मग मधमाश्यांच्या मेणाचा पातळ हात द्यावा. खोबरेल तेल लावू नये. मी लावले आहे, कातडे लिबलिबीत झाले आणि बुरशी दुप्पट आली. नंतरच्या काळातील बुटांत तळाच्या वर पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा थर असतो, तो दमट हवेत आपोआप भुगा होतो. म्हणून जुना बूट दिसायला चांगला आहे एवढ्यावरून कोणी तो घालून डोंगरावर जाऊ नये. आणि आत एक चिठ्ठी ठेवावी: कोणी वापरला, कुठे, कोणत्या वर्षी.

संपादक महोदय, आपण पुरवणीत अशा जोड्यांची छायाचित्रे आणि त्या वापरणाऱ्यांच्या चार-चार ओळी मागवाव्यात, अशी विनंती आहे. छायाचित्रातील बुटाचे मालक हे पत्र वाचत असतील, तर त्यांनी रोपटे मातीच्या कुंडीत हलवावे. मुळे शिवणीत शिरली नसतील तर बूट अजून वाचेल. माती काढल्यावर आत वर्तमानपत्राचे कागद कोंबून दर दिवशी बदलावेत. माझ्या जोडीत सध्या आपल्याच रविवारच्या पुरवणीची पाने आहेत. फक्त ते घरसजावटीचे पान मी वेगळे काढून ठेवले आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक, साखळी, गोवा